गाडी कुणी दुरुस्त केली

लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. उदगीरच्या तहसिलात एक कारकून माझ्या ओळखीचा होता. त्यानं सांगितलं, टंचाईच्या कामावर टँकरमागं फिरून खेपा मोजायला माणसं घ्यायला लागलेत, एका घरातला एकच. शर्ती दोन. सातवी पास पाहिजे आणि स्वतःची मोटारसायकल पाहिजे. मी घरी येऊन सांगितलं, मॅट्रिक पास पाहिजे आणि मोटारसायकल पाहिजे.

आता साठी उलटल्यावर लपवून काय करायचं? मुद्दाम सांगितलं. घरात आम्ही तिघं, आई, थोरला भाऊ म्हणजे अण्णा, आणि मी. अण्णा मॅट्रिकला दोनदा नापास झाला होता. पण इंजिनात त्याचा हात असा की पंचक्रोशीतल्या विहिरींवरची ऑइल इंजिनं तोच दुरुस्त करायचा. विहिरी आटल्या, इंजिनं बंद पडली आणि अण्णा घरी बसला. सातवीचं खरं सांगितलं असतं तर नोकरी त्याची होती. मी मॅट्रिक पास, पण रिकामटेकडा, आईच्या जिवावर पान खाणारा.

अण्णाला वाटलं, आपलं तर जमत नाही, निदान धाकट्याचं होऊ दे. तो धर्माबादला गेला आणि एका मिरचीच्या व्यापाऱ्याच्या गोदामात पडलेली गाडी घेऊन मिरचीच्याच ट्रकमधून घरी आला. चार वर्षं पोत्यांखाली दबलेली. टाकी गंजलेली, इंजिन जाम, मागच्या चाकाला टायर नाही. हात लावला की ठसका लागायचा. मी म्हणालो, हे भंगार काय आणलंस? अण्णा हसला आणि म्हणाला, स्वस्तात मिळाली, बघत राहा.

बघतच राहिलो. एवढंच काम मला जमायचं. त्यानं प्लग काढून त्या भोकातून रॉकेल आणि डिझेल ओतलं आणि इंजिन तीन दिवस तसंच मुरत ठेवलं. मग गाडी गियरमध्ये टाकून मागचं चाक पुढंमागं हलवत बसला. सकाळपासून हलवत होता, दुपारी कुठं आत काहीतरी सुटलं. टाकीत मूठभर खडे आणि रॉकेल घालून ती दोन्ही हातांनी खुळखुळ हलवली, गंज बाहेर येईस्तोवर. कव्हरची पॅकिंग पुठ्ठ्यातून कातरली. चेन नांदेडच्या भंगार बाजारातून आणली. मी मधूनमधून पाना उचलून द्यायचो, तोही चुकीचा.

ट्यूबचं पंक्चर बघायला घमेलंभर पाणी लागलं. टँकर आठ दिवसांनी यायचा. आईनं पिण्याच्या हंड्यातलं पाणी ओतून दिलं आणि तोंडानं चार शिव्या दिल्या. पंक्चर सापडलं, मग त्याच पाण्यात तिनं भांडी घासली.

टायरसाठी मात्र घरात काहीच उरलं नव्हतं. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग चांदीच्या डबीत ठेवायची आमच्या घरची रीत. अण्णानं स्वतःची डबी सोनाराला दिली आणि लिंग पांढऱ्या फडक्यात बांधून गळ्यात घातलं. माझ्या गळ्यात डबी तशीच होती. माझी दे म्हणून त्यानं विचारलं नाही आणि घे म्हणून मीही म्हणालो नाही. 

गाडी चालू झाली त्या दिवशी अख्खी गल्ली खोकत होती. धुरातसुद्धा मिरची. अण्णा इंजिनाला कान लावून बसला, एक स्क्रू अर्धा आटा फिरवला आणि आवाज एकदम सरळ झाला. मला म्हणाला, आता ही तुला दगा देणार न्हाई.

मुलाखतीला आम्ही दोघं गेलो. वाटेत बंद पडली तर मला काय कळणार, म्हणून तो मागं बसला. दोनदा थांबली, दोनदा त्यानं चालू केली. लातूरला कचेरीच्या बोर्डाचा रंग अजून ओला होता आणि आत बसायला पुरेशा खुर्च्या नव्हत्या. साहेब मधल्या वयाचे, तिकडून पुण्याकडून आलेले. त्यांनी खिडकीतून गाडी बघितली, कागद बघितले आणि म्हणाले की सातवी पासची अट असताना तुम्ही मॅट्रिक झालेले, बरंच आहे.

अण्णा दारातच उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी साहेबांच्या टेबलाकडं बघायला लागलो.

साहेबांना शिक्षणाशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं. आधीचा माणूस गाडी बंद पडली म्हणून दिवसदिवस हॉटेलात चहा पीत बसायचा, आणि वर टँकरची इंजिनंही रस्त्यात मान टाकायची. त्यांना गाडीतलं कळणारा माणूस हवा होता. त्यांनी विचारलं, ही एवढी जुनी गाडी कुणी दुरुस्त केली?

एक शब्द बोलायचा होता. अण्णानं. तेवढं म्हणालो असतो तर साहेबांनी त्याला तिथंच ठेवून घेतलं असतं, हे मला उन्हाइतकं स्वच्छ दिसत होतं. मी म्हणालो, "मीच केली साहेब."

साहेबांनी माझे हात बघितले की नाही कोण जाणे. माझी नखं स्वच्छ होती. अण्णाची बोटं काळीकुट्ट. त्यांनी दाराकडं मान करून विचारलं, "मग हे कोण?"

"गडी हाय साहेब. वाटेत लागला तर असावा म्हणून आणला."

"याच्या गळ्यात लिंग दिसतंय. तुमच्या घरचा आहे का?"

"जातभाई हाय. गरिबाचा हाय, म्हणून डबी न्हाई."

हे मी बोललो. याच तोंडानं. अजून सणावाराला त्याच तोंडात गोड घालतो.

साहेबांनी अण्णालाच विचारलं, मालकांना खरंच इंजिनातलं कळतं का? तो एकदा खरं बोलला असता तर माझं नाक तिथंच कापलं गेलं असतं आणि ते बरंच झालं असतं. अण्णा हात जोडून म्हणाला, "हाव साहेब. मालकानंच केली. मी नुसता पाना देत होतो."

तो असं का म्हणाला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. घरात पगार यावा म्हणून म्हणाला असेल. किंवा मला जन्मभर पुरेल असं काहीतरी द्यायचं असेल.

ऑर्डर हातात घेऊन बाहेर आलो तर तो एसटी स्टँडकडं चालायला लागला होता. मी हाक मारली. त्यानं मागं वळून बघितलं नाही. घरी पोचलो तेव्हा तो एसटीनं आधीच आला होता. आई साखर वाटत होती, अण्णाला सांगत होती की तुझ्या हातानं भावाचं झालं. तो म्हणाला, माझा हात न्हाई लागला, आई, त्यानंच केली. आईला वाटलं, थट्टा करतोय. ती हसली.

पंधरा दिवसांत गाडी दारातच रुसली. तीन गावांचे टँकर माझी वाट बघत होते, साहेबांची जीप त्याच रस्त्यावर येणार होती. मी किक मारून मारून पाय सुजवून घेतला. अण्णा ओसरीवर भाकर खात बसला होता. किकच्या आवाजावरून कुठं काय झालंय हे त्याला पहिल्या झटक्यात कळलं असणार, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. आई म्हणाली, अरे, बघ की जरा. मग मीही म्हणालो, अण्णा, बघ की.

त्यानं घास गिळला. "गड्याला काय कळतंय त्यातलं, मालक." ताटातच हात धुतला आणि आत गेला.

आई माझ्याकडं बघत राहिली. गाडी ढकलत उदगीरपर्यंत नेली, ऐन उन्हात, दोन कोस. तिथल्या मिस्त्रीनं सीट उचलली, सुटलेली एक वायर खोचली आणि एका किकमध्ये चालू करून दिली. मला म्हणाला, एवढ्यासाठी ढकलत आणली? घरात कुणाला जमत न्हाई व्हय?

मी म्हणालो, घरात तसं कुणी न्हाई. आणि टँकरच्या मागं निघून गेलो.