दुसऱ्याने उचललेला जग

आमच्या दादाला भटारखान्यात सगळे ‘पाणसळ’ म्हणतात. पाणसळ म्हणजे गवंड्याचं सपाटी बघायचं साधन. डाव्या तळव्यावर भरलेल्या ग्लासांचा ट्रे घेऊन दादा टेबलांमधून निघाला की ग्लासातलं पाणी झोपल्यासारखं पडून असतं. बत्तीस वर्षं तो या एकाच हॉटेलात वेटर आहे. मी त्याची धाकटी बहीण. तिथेच काउंटरवर फोन घेते, त्यामुळे त्याचं कौतुक मला रोज ऐकावं लागतं.

त्याचा एक नेम होता. ट्रेवरची वस्तू तोच उचलणार. गिऱ्हाइकाने हात पुढे केला की हा अर्धं पाऊल मागे सरायचा, ट्रे बाजूला जायचा आणि ग्लास अलगद टेबलावर यायचा. लोकांना वाटायचं, काय ही अदब! असं का करतोस विचारलं तर म्हणायचा, "ज्याने काम शिकवलं, तो असंच करायचा." विषय संपला.

मग तो रविवार आला. कोपऱ्यातल्या टेबलावर एक निवृत्त मास्तर घरच्यांना घेऊन बसले होते. दादा मोकळ्या हाताने खुर्ची सरकवत होता, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "अहो, तुम्हाला कशाला त्रास, मी घेतो ना," आणि त्यांनी ट्रेवरचा पाण्याने भरलेला जग उचलला. ट्रे एकदम वर उडाला. सरबताचे पाच ग्लास मास्तरीणबाईंच्या मांडीवर. दादा म्हणाला, "माफ करा. माझाच हात हलला."

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. आमच्या बाबांचे हात साठीत थरथरायला लागले होते. घास तोंडाशी जाईपर्यंत अर्धा सांडायचा आणि बाबा तो मुकाट्याने वेचायचे. दादा आता अठ्ठावन्नचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकीणबाईंना जाऊन सांगितलं, "दादाचे हात थकलेत हो. त्याला आत काहीतरी काम द्या." दादाला न विचारता. मोठी शहाणी ना मी!

मालकीणबाई मनाने बऱ्या, पण एक घाव दोन तुकडे असा कारभार. त्यांनी दादाला बोलावलं. "शनिवारपर्यंत बघते. नाहीतर सोमवारपासून आत भांडी पुसायला बसा." त्या क्षणापासून तो ट्रेकडे बघत चालायला लागला. इतक्या वर्षांत त्याने चालताना कधी ट्रेकडे बघितलं नव्हतं. आता बघायला लागला आणि खरंच सांडायला लागलं. मंगळवारी कॉफी, बुधवारी सूप. आचारी म्हणाला, "पाणसळच तिरकी झाली की!" मी त्याला झापलं, पण आतून हबकलेच होते.

गुरुवारी दादाची सुट्टी. दुपारी त्याच्या घरी गेले तर हा माणूस ट्रेवर पाण्याचं पातेलं ठेवून खोलीत येरझाऱ्या घालतोय. वहिनीला भात टाकायचा होता. "द्या ते पातेलं इकडे," म्हणत तिने ते उचललं. ट्रे उडाला. "बघ," तो मला म्हणाला, "गेला हात."

आमची वहिनी कुणाचं काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. तिने पातेलं परत ट्रेवर ठेवलं. "आता तुम्ही उचला." दादाने उजव्या हाताने उचललं. डावा हात जागच्या जागी. मग तिने उचललं, ट्रे वर. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

"मी उचललं की हलतो, तुम्ही उचललं की हलत नाही," वहिनी म्हणाली. "म्हातारपण काय माणसं बघून येतं?" तिने ट्रे स्वतःच्या तळव्यावर घेतला. "उचला. सांगून उचला." एक, दोन, तीन म्हणत दादाने पातेलं उचललं. तिचाही हात उडाला. मग माझी पाळी. मी डोळे फाडून बघत होते, दात आवळले होते, तरी माझा ट्रे वर गेलाच. दर वेळी ट्रे पातेल्यावर आदळून फरशीवर तळं झालं.

"स्वतःच स्वतःला केल्या तर गुदगुल्या होतात का कधी? तसंच आहे हे," वहिनीने निकाल दिला. मला पटलं. आपल्याच उजव्या हाताने वजन उचलायचं असलं की डाव्या हाताला आधी वर्दी जाते आणि तो त्याच क्षणी जोर कमी करतो. परक्या हाताची वर्दी येत नाही. डोळ्यांनी बातमी दिली तरी ती वेळेवर कामाला येत नाही.

शनिवारी दादाने मालकीणबाईंच्या हातावर ट्रे ठेवला, वर भरलेला जग आणि पाण्याचे ग्लास. "मी उचलतोय हं," म्हणाला आणि उचलला. ट्रेवरच्या ग्लासांतलं पाणी बाईंच्या चपलांवर. "पुन्हा," बाई म्हणाल्या. पुन्हा चपला भिजल्या. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच जग उचलला, तेव्हा ट्रे ढिम्म हलला नाही. त्यांनी ट्रे खाली ठेवून आपला तळवा बघितला.

"मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

"मला तरी कुठे माहीत होतं? हात माझा, म्हणजे चूक माझी."

"बाहेरच राहा तुम्ही. आणि मला तरी काय कळणार? तुमची बहीणच म्हणाली, हात थकलेत म्हणून."

दादाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुपारभर त्याने काउंटरकडे पाठ ठेवली. लाजेने मला फोनवरचं धड ऐकू येईना. शेवटी गर्दी ओसरल्यावर मीच गेले. तो ट्रे पुसत होता.

"दादा, चुकलं माझं. निदान तुला आधी सांगायला हवं होतं."

"सांगून उचललं तरी ट्रे उडतोच. परवा बघितलंस ना?"

"मग मी करायचं काय होतं?"

"मला म्हणायचं, दादा, आता तूच ठेव खाली." तो ट्रे पुसतच होता. "ठेवला असता गं मी."

मला रडू फुटलं. त्याने खांद्यावरचं फडकं माझ्या हातात दिलं आणि सात नंबरच्या टेबलाकडे गेला.