कोंडवाड्यातला कागद

डफड्यावर तीन थापा मारल्या की तो डावा तळहात कातड्यावर दाबून धरायचा. आवाज जागच्या जागी विरायचा. मग गल्लीतलं कुत्रं भुंकायचं थांबेपर्यंत तो उभा राहायचा आणि मान वर करून म्हणायचा, "सांगावा पाटलाचा, तोंड माझं! ऐका हो ऐका..."

पाटलाचा असेल तर पाटलाचा, तेलिणीचा असेल तर तेलिणीचा. कुणाचा सांगावा आहे हे आधी, मग सांगावा. आमच्या केनवडजवळच्या गावाचा तो कोतवाल होता. दवंडी द्यायची आणि कोंडवाडा सांभाळायचा, ही त्याची दोन कामं. कुणाचं मोकाट ढोर पिकात शिरलं की तो ते कोंडवाड्यात बांधायचा आणि मालकानं ओळख पटवून घेऊन जावं म्हणून दवंडी द्यायचा. मालक आला की त्याचं नाव घेऊन पुन्हा दवंडी. तीन दिवसांत कुणीच आलं नाही, तर ढोर गावाचं.

साऱ्या गावाचा शब्द साऱ्या गावाच्या दारात नेणारा हा माणूस स्वतः मात्र ओट्याखाली उन्हात उभा असायचा. त्याच्या जातीला आत यायची मुभा नव्हती. मला वाटायचं, त्याला ऊन आवडतं. तेरा वर्षांची मी इतकी शहाणी होते.

शिवाय मी चौथी पास होते. माझं अक्षर चांगलं आहे असं मास्तर एकदा म्हणाले होते. त्यानंतर ते मी स्वतःच रोज म्हणत असे. कोतवालाला वाचता येत नव्हतं. कुणी लेखी सांगावा दिला की तो आमच्या ओट्याच्या कडेला कागद ठेवून दोन पावलं मागे सरायचा. मी कागद उचलून वाचायची. दोनदा ऐकलं की त्याला पाठ.

मजकुराशी त्याचं भांडण नसे. एका वर्षी बाहेरगावचा एक मौलवी आला आणि म्हणाला, मुसलमानांनी पोळ्याच्या तोरणाखाली बैल नेऊ नयेत. कोतवालानं विचारलं, "कोनाचा म्हनून सांगू?" मौलवी निडर. म्हणाला, माझं नाव घे. यानं घेतलं आणि गावभर सांगितलं. लोक मौलवीशी जाऊन तोंडावर भांडले, काहींनी बैल आणले, काहींनी नाही आणले. मौलवीला निदान कळलं, आपलं कोण ऐकतं आणि कोण ऐकत नाही.

आमचं शौर्य वेगळ्या जातीचं होतं.

माझा थोरला भाऊ अकोल्याला शिकायला होता. श्रावणात तो घरी आला तो कुठलंसं भाषण ऐकून, डोळे लाल करून. आमच्या गावाला बांगड्या भरायला केनवडहून एक मन्यारीण यायची. मुसलमान, विधवा, दोन मुली पदरात. आम्ही पोरी तिला चाची म्हणायचो. श्रावणात घराघरांतल्या बाया हिरव्या बांगड्या भरत, आणि त्या महिन्यावर तिचं अर्धं वर्ष निघायचं. भावानं सांगितलं आणि मी कागदावर उतरवलं: मन्यारणीला गावात घेऊ नये. तिच्याकडून जी बाई बांगड्या भरील तिच्या घरी हळदीकुंकवाला कुणी जाऊ नये.

मजकुराला जोर कमी पडतोय असं मला वाटलं. म्हणून शेवटची ओळ मी पदरची घातली. ती आलीच, तर तिची टोपली फोडावी.

ज्या बाईनं मी रांगत असल्यापासून माझे हात हातात घेतले, तिच्याबद्दल मी हे लिहिलं. आणि लिहून झाल्यावर 'फ' किती छान जमलाय ते बघत बसले!

खाली नाव नाही. भावानं पहाटे तो कागद कोंडवाड्याच्या फाटकात खोचला. दुपारी कोतवाल आमच्या ओट्यापाशी हजर.

मी नवल वाटल्याचा चेहरा करून कागद घडाघडा वाचला. "टोपली फोडावी" म्हणताना आवाज चढवला.

"पुन्हा वाचा बाई."

पुन्हा वाचला.

"कोनाचा सांगावा आहे?"

"गावाचा."

"गावाले कुठं तोंड असते, बाई? कोन्या एकाचाच असन." त्यानं कागदाची घडी फेट्यात खोवली आणि मालक शोधायला निघाला.

पाटील म्हणाले, माझा नाही. पुजारी म्हणाला, शिव शिव, मी कशाला असलं लिहू. माझ्या भावानं मात्र छाती काढली. "लिहिलंय ते बरोबरच आहे. दे दवंडी बिनधास्त."

"तुमचं नाव घेऊ, दादासाहेब?"

भावाला एकदम आठवलं, बैलांना पाणी पाजायचं राहिलंय. जन्मात त्यानं कधी बैलाला पाणी पाजलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत दवंडी झाली. "सांगावा कोनाचाच नाही, तोंड माझं! एक कागद सापडला हो! रंग पांढरा, खालची कड शेळीनं खाल्ली. मन्यारीण गावात येऊ नये म्हनते. पाटलाले विचारलं, त्याइचा नाही. पुजाऱ्याले विचारलं, त्याइचा नाही. मोकाट फिरून राह्यला व्हता, म्हनून कोंडवाड्यात बांधला. ज्याचा असन त्यानं तीन दिवसांत वळख पटवून घेऊन जावा!"

गाव पोट धरून हसलं. त्यानं खरंच कागद सुतळीनं खुंट्याला बांधला होता. एका बाजूला लंगडी म्हैस, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी वासरू. लोक मुद्दाम बघायला जात. मीही गेले आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले.

चाची मात्र आली नाही. केनवडच्या बाजारात तिच्या कानावर गेलं होतं. नागपंचमी तशीच गेली. आणि दुसऱ्या संध्याकाळी भाऊ जेवताना खुशीत म्हणाला, "उद्या तिसरा दिवस. मालक नाही आला, की कागद गावाचा. मग त्याला दवंडी द्यावीच लागेल. गावाच्या नावानं!"

माझा घास हातातच राहिला. हसण्याच्या भरात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कुणी 'माझा' म्हटलं नाही तर तो सगळ्यांचा होणार होता. मग चाचीचा आमच्या गावाशी संबंध संपणार होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी, आई झोपली असताना, मी कोंडवाड्यावर गेले. तो म्हशीपुढे गवत टाकत होता.

"घेऊन जा, बाई," तो मागे न बघता म्हणाला.

"मी कुठं म्हटलं माझा आहे?"

"खालची वळ शेळीनं खाल्ली व्हती. पाटलानं वाचला तवा त्यात टोपली नव्हती. तुमी मात्र दोन्ही खेपेले वाचली."

माझे कान तापले. "मग त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"मी कोन सांगनार? ज्याचं त्यानंच म्हनाव लागते."

"आता दवंडी देशील? माझं नाव घेऊन?"

"बिननावाची म्या आजवर देल्ली नाही."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. चौथी पास बाईला शोभेल असं. त्याला दया येईल असं वाटलं होतं. तो गवत टाकत राहिला. शेवटी मी नाक पुसलं आणि म्हणाले, "माझा आहे." सुतळीची गाठही मलाच सोडावी लागली.

भावाचं नाव मी घेतलं नाही. ते त्याचं त्यानं घ्यायचं होतं. त्यानं अजून घेतलेलं नाही.

"कागद या घरच्या लेकीचा!" आमच्या फाटकासमोर उभं राहून कोतवालानं वडिलांचं आणि माझं नाव घेतलं. "तिनं सोता येऊन वळखला आन् परत नेला! आता असा सांगावा गावात नाही हो!"

वडील काठी घेऊन बाहेर आले. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, हे त्यांचं अजून ठरलं नव्हतं. तो जागचा हलला नाही. म्हणाला, "मालक, एवढी मोठी मोठी घरं विचारून आलो. एका पोरीच्यानंच झालं." वडील काठी घेऊन तसेच आत गेले. माझी त्या वर्षी दोन स्थळं मोडली. त्यांतलं एक बरं होतं.

आठ दिवसांनी चाची आली, ती थेट आमच्याकडे. मी कणगीमागे लपले. तिनं हाक मारून बाहेर काढलं, माझा अंगठा आत मुडपला. मी हात ताठ धरलेला. "हात ढिला छोड बेटी," ती म्हणाली, "तोडनेकू नहीं आयी मैं." बारा बांगड्या चढवल्या, एकही फुटली नाही.

पुढे माझं लग्न मानोऱ्याला झालं. चाचीच्या फेऱ्याही तोवर तिथपर्यंत वाढल्या होत्या. एका श्रावणात ती आमच्या अंगणात बसून सासूबाईंना बांगड्या भरत होती. शेजारच्या चारपाच बायाही जमल्या होत्या. एक हात भरून झाला, आणि ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तेरा कोतवाल गया, बेटी. बुखार आया, चार दिन में गया."

मी पदर सावरून बसले. "चाची, मी आज भरत नाही."

"काहून वो?" सासूबाई म्हणाल्या. "घरातलं कोन गेलं?"

"आमच्या गावचा कोतवाल."

"कोतवाल? त्याचं सुतक कायले धरतं? लोकं काय म्हनतीन!"

मला त्या घरात येऊन तीन वर्षं झाली होती, आणि सासूबाईंपुढे मी तोवर मान वर केली नव्हती.

"मी धरते," मी म्हणाले. "कोणी विचारलं तर सुनेनं धरलं म्हणून सांगा."

चाचीनं टोपलीवर फडकं ओढलं. "आज मैं बी नहीं भरती," ती म्हणाली आणि सरकून माझ्याजवळ येऊन बसली.

सासूबाईंच्या एका मनगटावर सहा नव्या हिरव्या बांगड्या होत्या. दुसऱ्यावर जुन्याच. तो हात त्यांनी तसाच पुढे धरून ठेवला होता.