बगळ्याचं कापड

गोपाळकृष्ण पोतनीसांना वसंत जोगळेकर खरं म्हणजे फारसे ओळखत नव्हते. माधव नगरात भिंतीला भिंत लागून घरं, सकाळचा चहा बहुतेक एकत्र. पण पोतनीसांना कशाची भीती वाटते, बायको गेल्यावर ते रडले का, असं कुणी विचारलं असतं तर वसंतरावांना सांगता आलं नसतं. तसलं काही विचारायला त्यांची जीभच उचलली नाही कधी. आणि आता चक्रतीर्थावर, पोतनीसांच्या चितेपाशी, लोक नेमके त्यांनाच विचारत होते, “जोगळेकर, हे यांच्या अंगावर काय घातलंय? पक्षी कसला हा?”

पांढऱ्या कापडावर काळे बगळे होते, प्रत्येकाच्या चोचीत किल्ली. कडेला लाल वेल.

“त्यांच्या घरचंच आहे,” वसंतराव म्हणाले. बाकीचं स्मशानात सांगण्यासारखं नव्हतं.

तो बगळा हॅलवर्थ नावाच्या इंग्रज सरदार घराण्याचा. कंपनीच्या काळात त्यांच्यातला एक तरुण माळव्यात आला आणि उज्जैनला पटकीने गेला. सोबतचे गोरे भीतीने जवळ येईनात. तेव्हा दरबारी नोकरीत असलेल्या पोतनीसांच्या एका पूर्वजाने जवळच्या भैरवगढच्या, ठशांनी कापड छापणाऱ्या छीप्याकडून चादर आणून त्याच्यावर घातली. पुढे त्या मुलाच्या आईने विलायतेहून घराण्याचं चिन्ह काढून पाठवलं, त्याचा सागवानी ठसा कोरला गेला, आणि तेव्हापासून हॅलवर्थांकडे कुणी गेलं की शवपेटीवर भैरवगढचं कापड. राज्य गेलं, साहेब गेले, रीत राहिली. ठसा पोतनीसांच्या घरी राहिला.

रीतीला एकच अट होती. माणूस गेल्याची खबर आल्याशिवाय ठशाला रंग लावायचा नाही. कारण एकदा छापलेलं कापड रिकामं राहत नाही, असं पोतनीसांच्या घरात सांगत आले होते.

ती अट पोतनीसांनी मोडली. म्हातारे लॉर्ड हॅलवर्थ गेले तेव्हा कापड वाटेत कस्टममध्ये अडकलं आणि ते साध्या चादरीखाली गेले. त्यांची बायको व्हिडिओ कॉलवर नुसती बघत राहिली. ते बघणं पोतनीसांच्या मनातून जाईना. म्हणून या दिवाळीनंतर तिच्या मुलाचा, एडवर्डचा, निरोप आला की आईचं आता काही खरं नाही, तेव्हा पोतनीसांनी ठसा पिशवीत घातला आणि ऑटो बोलावली. सोबतीला वसंतराव.

भैरवगढला युनूसभाई छीपा रंगाच्या कढईपाशी बसले होते. ठसा बघून त्यांनी हात पुसले.

“बाबूजी, खबर आ गई?”

“आलीच समज.”

“समज नहीं चलता इसमें. अब्बा क्या कहते थे, याद है ना आपको?”

“तुझे अब्बा निदान चहा तरी विचारायचे आधी. चल, काम कर.”

युनूसभाई हसले आणि वसंतरावांकडे वळले. “आप ही समझाओ इनको. आप तो बैंक वाले हो, बिना कागज के कुछ करते नहीं.”

वसंतराव कसंनुसं हसले आणि ऑटोवाला थांबलाय का बघायला बाहेर गेले.

कापड धुऊन, रंगवून घरी आलं. पोतनीसांच्या गच्चीवर वाळत असतानाच एडवर्डचा दुसरा निरोप आला. आई उठून बसली. उकडलेलं अंडं मागून खाल्लं.

“वा! छानच झालं की,” वसंतराव म्हणाले.

“छानच झालं.” पोतनीसांनी दोरीकडे बघितलं. वारा नव्हता, तरी कापडाची एक कड हलत होती. “मग हे कुणाचं?”

“क्षिप्रेत सोडून द्या.”

“मग त्याच्याखाली कुणी बुडालेलं हवं ना.”

“असं काय बोलता! बरं, जाळून टाका.”

“त्यालाही कुणीतरी लागतं, वसंतराव.”

“मग पाठवून तर द्या. कधी ना कधी लागणारच आहे बाईंना.”

पोतनीसांनी कापड दोरीवरून उतरवलं. मग म्हणाले, “नवऱ्याच्या वेळी मी तिला उशीर केला. आता घाई करू?” त्यांनी कापडाची नीट घडी घातली. “राहू दे माझ्याकडे.”

ठसा त्यांनी स्वतः जाऊन युनूसभाईंना देऊन टाकला. “कोरडा ठेव,” एवढंच बोलले. युनूसभाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

त्यानंतर विलायतेहून फोटो येऊ लागले. बाई खुर्चीत. बाई काठी धरून बागेत. बाई कुत्र्याला बिस्किट देताना. पोतनीस प्रत्येक फोटो आवर्जून दाखवत. “बघा, गाल कसे भरलेत!” वसंतराव फोटो बघत आणि मग पोतनीसांच्या शर्टाची कॉलर बघत. ती दर फोटोगणिक सैल होत चालली होती. डॉक्टरांना काही सापडलं नाही. वय झालं, म्हणाले. “ते कापड मी नेतो,” असं म्हणायचं वसंतरावांच्या रोज ओठांवर येई, आणि चहा संपे.

त्या शेवटच्या सकाळी वसंतराव भाजी आणायला निघाले तेव्हा पोतनीस फाटकापाशी उन्हात उभे होते. खांद्यावरून छातीपर्यंत ते कापड शालीसारखं ओढलेलं. वसंतराव थबकले.

“जरा थंडी वाजतेय,” पोतनीस म्हणाले. मग मोबाईल पुढे केला. “बाई काल जिना चढून वर गेली. कुणाचा हात न धरता.”

“वा,” वसंतराव म्हणाले.

“बाजारात चाललात ना? येताना आलं आणाल? चहात आलं नाही दोन दिवस.”

“आणतो की.”

“कोवळं बघून घ्या हो. मागच्या वेळी नुसते धागे होते.”

“बघून आणतो,” वसंतराव म्हणाले.