सुखी ठाण्याला हुंकार मिळेना

आमच्या घरी गोष्ट सांगायची एक रीत होती. ऐकणाऱ्याने मधूनमधून ‘हुं’ म्हणायचं. हुंकार थांबला की सांगणाऱ्यानेही थांबायचं, उगाच भिंतींना ऐकवायचं नाही. माझी बायको तांदूळ निवडता निवडता हुंकार द्यायची. मी ठाण्याच्या कचेरीत दाव्यांच्या कागदांच्या नकला करणारा कारकून. दिवसभर लोकांची भांडणं उतरवून काढायची आणि संध्याकाळी तिला काहीबाही रचून सांगायचं, एवढंच माझं सुख. ती तापाने गेली आणि घर खायला उठलं.

पुढे मी एक मोठी गोष्ट रचायला घेतली. शंभर वर्षांनंतरचं ठाणं. तिथे खाडीत होड्या आपोआप चालतात. मिठागरातल्या बायकांचे पाय सोलवटत नाहीत. कचेरीला कायमचं कुलूप, कारण भांडायला कुणाला कारणच उरलेलं नाही. ताप नाही, कुणी अकाली जात नाही. खरं सांगायचं तर ते गाव मी तिच्यासाठीच वसवलं होतं. त्यातल्या एका घरात ती होती, धडधाकट, केस पिकलेली. गोष्ट चालेल तोवर तरी ती असेल, असं मला वाटायचं.

घर सांभाळायला कल्याणहून माझी थोरली बहीण आली होती. ऐकायला तीच. होड्यांना तिने हौसेने हुंकार दिला, मिठागरालाही दिला. मग तो बारीक होत गेला आणि बंदच पडला. रीतीप्रमाणे मी थांबलो.

“कंटाळलीस का, अक्का?”

“गाव छान आहे रे. पण तिथे होतं काय? ती तुझी बाई दिवसभर करते तरी काय?”

“सुखात असते.”

“कुणाची वाट बघते का?”

“वाट कशाला बघेल? सगळे वेळेवर येतात.”

“मग मी काय ऐकू?” असं म्हणून ती वाती वळायला लागली.

मला भयंकर राग आला. हिला रडारडीशिवाय गोड लागत नाही, असं म्हणत मी दोन दिवस धुसफुसत होतो. मग लक्षात आलं की माझ्या त्या गावात बायको एक शब्दही बोललेली नव्हती. खरी बायको मला उशीर झाला की दारातच फैलावर घ्यायची. तिथे उशीरच होत नव्हता, तर ती बिचारी बोलणार काय? ताप काढून टाकायच्या नादात मी सगळंच काढून टाकलं होतं. कचेरीतून येताना त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

संध्याकाळी मी पुन्हा गोष्टीला बसलो आणि खाडीतली एक होडी बिघडवली. एकच. त्यातला माणूस वेळेवर पोचला नाही. भात निवला. बाई उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

“हुं,” अक्का म्हणाली. वाती तिने बाजूला ठेवल्या.

अंधार पडता पडता तो माणूस आला. बाई त्याला म्हणाली, “आज फार उशीर केलात.”

“हुं.”

पुढचं माझ्या तोंडून फुटेना. ते शब्द मी रचले नव्हते, ते तिचेच होते. गोष्ट थांबली होती, तरी जरा वेळाने अक्काने हळूच पुन्हा हुंकार दिला.