हत्यार खाली ठेवून

"बॅग खाली आण."

"बॅग वरच राहील, बाबा. आणि पोरगीही."

"मी तुझ्याशी बोलत नाहीये. टाचणे, बॅग."

"टाचणे, हलायचं नाही."

टाचणी जिन्याच्या मधल्या पायरीवर बॅगेचा दांडा धरून उभी होती. खाली ताईची लाँड्री. एका भिंतीला धुण्याची यंत्रं, समोर इस्त्रीचं लांब टेबल आणि मध्ये छताच्या दांडीला टांगलेले गिऱ्हाइकांचे कोट, प्लास्टिकच्या कव्हरांत. कोटांच्या त्या रांगेच्या अलीकडे बाबा, पलीकडे इस्त्री धरून ताई. दोघांना एकमेकांची फक्त पावलं दिसत होती. आई गिऱ्हाइकांच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती, दवाखान्यात नंबर यायचा असावा तशी. भावजी गल्ल्यामागे पावत्यांचे चिमटे उगाच सरळ करत होते. विमान संध्याकाळचं होतं.

"तिचं तिकीट परतीचं आहे," बाबा म्हणाले.

"परतीचं तिकीट फाडता येतं."

"तुला फाडायची सवयच आहे. आमचं तोंड न बघता लग्न करून निघून आलीस."

"तोंड कशाला बघू? तुमचा हात बघितला होता तेवढा पुरे होता."

"ऐकलंस का गं," बाबा आईला म्हणाले, "परदेशात येऊन मुलीचं हे ऐकायचं."

"मी काय म्हणते, आधी जेवून घ्या," आई म्हणाली.

टाचणी एकोणीस वर्षांची. नाव वेगळं होतं, पण बाबांच्या दुकानात ते कुणी वापरत नसे. बाबांचं सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि टाचणीकडे उकलायचं काम. जुना सोफा आला की त्याला पालथा पाडायचा, खालचं कापड सोडवायचं, लाकडात रुतलेल्या पिना एकेक उपसायच्या. शाळा सुटल्यापासून तिने हेच केलं होतं, आणि तिला ते आवडायचंसुद्धा. लोकांच्या सोफ्यांच्या पोटातून काय काय निघतं, कंगवे, चमचे, औषधाच्या गोळ्या, एकदा तर कुणाचे तरी दातच. ती ते खिडकीत मांडून ठेवायची आणि गिऱ्हाइकाला विचारायची, "यातलं तुमचं काय काय?" गिऱ्हाईक हसायचं. बाबाही हसायचे, गिऱ्हाईक असेपर्यंत.

बाबांचा एक नियम होता. हातात हत्यार असताना त्यांनी कधी कुणाला मारलं नाही. हे ते अभिमानाने सांगत, दुसरा कुणी आपण दारूला शिवत नाही हे सांगेल तसं. आधी हातोडी टेबलावर ठेवायची, दांडा आपल्याकडे करून, हळू. मग हात. त्यामुळे घरातल्यांचे कान हातोडीकडे असत. ठोकाठोक चालू आहे तोवर ठीक. ठोकाठोक थांबली आणि लाकडावर लाकूड टेकल्याचा बारीक आवाज आला, की मान आपोआप खांद्यांत जायची. ताईच्या डाव्या कानाचा पडदा अशाच एका दुपारी गेला. अजूनही कुणी बोललं की ती उजवा कान पुढे करते. टाचणीने एकदा रेक्झिन वीतभर आखूड कापलं, तेव्हा बाबांनी तिचं तोंड सोफ्याच्या लाकडी चौकटीवर आपटलं. ओठ फाटला, रक्त नव्या रेक्झिनवर सांडलं. त्यांनी आधी रेक्झिन पुसलं.

ताई फोनवर म्हणायची, "एकदा इकडे ये. परत पाठवणार नाही. इथे तुला कुणी बोटसुद्धा लावणार नाही." मग ताईने सगळ्यांनाच बोलावलं, एकट्या टाचणीला बाबांनी सोडलंच नसतं म्हणून. बाबांनी आठवडाभर आधी गल्लीत सांगून ठेवलं, आम्ही परदेशी चाललोय, सोफे देऊ नका.

विमानतळावर टाचणी कमानीखालून गेली आणि यंत्र बोंबललं. तपासणाऱ्या बाईने तिच्या जाकिटाचे खिसे उलटे केले तर मूठभर पिना निघाल्या, वाकड्या, गंजक्या. खिशाच्या शिवणीत अजून होत्या. रोज दुकानात घालायचं जाकीट ती तसंच घालून आली होती. बाई हसली. मागची रांग हसली. बाबाही हसले, "कामसू आहे पोरगी," म्हणाले. मग पुढे जाऊन एका खांबाआड त्यांनी खांद्यावरची पिशवी जमिनीवर ठेवली, तिचे बंद नीट आत सारले, आणि टाचणीच्या तोंडात मारली. "रांगेत अब्रू घालवलीस." तिचा गाल विमानात बसेपर्यंत ठणकत होता.

आणि विमानात त्याच बाबांना पट्टा लावता येईना. जमीन सुटली तसे त्यांनी डोळे मिटले आणि हात टाचणीच्या मनगटावर आवळला. "हे हलतं का असंच?" त्यांनी विचारलं. "हलतं," ती म्हणाली. तिलाही माहीत नव्हतं. तिने त्यांचा पट्टा ओढून घट्ट केला. तिला वाटलं, आता या माणसाला आपण काहीही सांगितलं तरी तो ऐकेल. तिने नुसता पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला.

ताईच्या गावात पहिल्या दिवशी भावजी तिला गाडीतून कपडे पोचवायला घेऊन गेले. उंच, पोक काढून चालणारा माणूस, बोलायला गोड. एका रस्त्यावर टाचणी रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी उतरली तर येणारी मोटार थांबली. टाचणी घाबरून मागे आली. मोटार थांबूनच राहिली.

"तू जाईपर्यंत तो हलायचा नाही, मेहुणीबाई," भावजी म्हणाले.

"का?"

"तुला लागू नये म्हणून."

ती पलीकडे गेली, परत आली, परत गेली. तिसऱ्या मोटारवाल्याने भोंगा वाजवला तेव्हा दोघं हसत गाडीत बसले. त्या रात्री तिने आईला कानात सांगितलं, "मी येणार नाही हं परत." आई म्हणाली, "झोप."

दोनतीन दिवसांनी, भर दुपारी, टाचणी वरच्या खोलीत आईबाबांबरोबर टीव्ही बघत होती. खाली ताईची वाफेची इस्त्री फुसफुसत होती. फुसफुस थांबली. इस्त्री तिच्या लोखंडी बैठकीवर टेकली, खट, हळू. टाचणीची मान खांद्यांत गेली. का गेली हे तिला कळायच्या आत खालून थपडेचा आवाज आला.

"अहो, कॉलर आधी, बाह्या नंतर. किती वेळा सांगायचं?" ताईचा आवाज.

परत एक. मग पाठीत बुक्के, एका लयीत, गादीतली धूळ झटकावी तसे.

"करतो ना, परत करतो," भावजी म्हणत होते.

टाचणी जिन्यावर आली. भावजींचा चष्मा यंत्राच्या पायाशी पडला होता. ते तो वाकून उचलत होते आणि ताई त्यांच्या वाकलेल्या पाठीवर मारत होती, दात ओठांवर रोवून. भावजींचा कान लालभडक झाला होता. मग ताईने इस्त्री पुन्हा उचलली आणि फुसफुस सुरू झाली.

टाचणी वर परतली. बाबांच्या हातात रिमोट होता. त्यांनी आईकडे बघितलं, आईने घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घातली. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी गाडीत ती म्हणाली, "ताई मारते तुम्हाला."

"मारते म्हणजे काय, कामाचा ताण असतो."

"कधीपासून?"

"लाँड्री घेतल्यापासून. त्याआधी नुसती ओरडायची. धंदा वाढला."

"हसू नका. तुम्ही उलटा हात का नाही टाकत?"

"मग सकाळी दुकान कोण उघडणार? दोघंही दवाखान्यात." त्यांनी आरशात बघून कानावर केस ओढले. "तुझी ताई वाईट नाही गं. मला ताप आला तर रात्रभर पाय चेपत बसते. तुझे बाबा चेपायचे का कुणाचे?"

"हो," टाचणी म्हणाली. "ताईचेच चेपले होते, कान गेला तेव्हा."

पुढच्या थांब्यावर भावजी कपडे द्यायला एकटेच उतरले.

टाचणीने ठरवलं, आपण इथेच राहायचं आणि भावजींच्या बाजूने राहायचं. ताईने हात उचलला की मध्ये पडायचं. ती लाँड्रीत कामाला लागली. कोटांचे सुटे दोरे कापणं, बटणं तपासणं, हँगर लावणं. हात झपझप चालायचा. भावजी मात्र संथ. त्यांनी दोन गिऱ्हाइकांचे कोट एकाच कव्हरात घातले. टाचणीने वेगळे केले. त्यांनी पुन्हा घातले, आणि गोष्ट सांगत होते, कुणा गिऱ्हाइकाच्या विजारीच्या खिशात बेडूक निघाल्याची. दारात माणूस कोटासाठी उभा होता. ताई आतून विचारत होती, काय चाललंय.

"भावजी, हे वेगळं आहे."

"बेडूक जिवंत होता, सांगतोय काय."

टाचणीने कात्री टेबलावर ठेवली, टोक भिंतीकडे करून. आणि भावजींच्या तोंडात मारली.

चष्मा उडाला. दारातला माणूस खाली बघायला लागला. टाचणीचा तळवा गरम झाला होता, आणि छातीतली घालमेल एकदम शांत, भूक भागल्यासारखी.

भावजींनी चष्मा उचलला, सदऱ्याला पुसला, घातला. गिऱ्हाइकाला कोट दिला, आभार मानले. मग तिच्याकडे वळले.

"हे तुमच्याकडे शिकवतात, का जन्मताच येतं?" त्यांच्या आवाजात या वेळी थट्टा नव्हती. "खरंच विचारतोय. मला अजून कळलेलं नाही."

टाचणीला चुकलं म्हणायचं होतं. तिने कात्री पुन्हा उचलली आणि दोरे कापायला लागली. भावजींनी ताईला काही सांगितलं नाही, पण तेव्हापासून ते तिला मेहुणीबाई म्हणाले नाहीत.

आणि आज हा जिना, ही बॅग.

"इथे तिला कुणी बोट लावणार नाही म्हणालीस ना?" बाबांनी कोट दोन्ही हातांनी बाजूला सारले आणि पलीकडे गेले. "जावयांचा कान बघितलाय मी."

"ते आम्हा नवराबायकोतलं आहे."

"मग माझंही बापलेकींमधलं होतं."

"कान बरा आहे आता," भावजी गल्ल्यामागून म्हणाले. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही.

"तुम्हाला ती पोरगी नकोय, बाबा. पिना उपसायला हात हवाय फुकटचा."

"आणि तुला काय हवंय? इस्त्रीला हात. आणि हा नवरा मोडला की मारायला दुसरं कुणीतरी."

"तोंड सांभाळा."

"नाहीतर काय करशील?"

"बघायचंय?"

बाबांच्या हातात काहीच नव्हतं, त्यामुळे खाली ठेवायलाही काही नव्हतं. थप्पड ताईच्या डाव्या कानावर बसली, त्याच कानावर. ताई टेबलावर आदळली. तिच्या हातात इस्त्री होती आणि तिने ती ठेवली नाही. बाबांनी दुसऱ्यांदा हात उगारला तशी तिने इस्त्री त्यांच्या कोपराखाली दाबली आणि वाफेचा खटका ओढला.

बाबा ओरडले. टाचणीने त्यांना दुसऱ्यांना ओरडवताना ऐकलं होतं, स्वतः ओरडताना कधी नाही. करपल्याचा वास सुटला. त्यांनी उरलेल्या हाताने ताईचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं, एकदा, परत एकदा. भावजी मध्ये घुसले. एका बाजूने ताईचं कोपर त्यांच्या बरगडीत बसलं, दुसऱ्या बाजूने बाबांचा गुडघा. तिघंही दांडीवर आपटले आणि दांडी भिंतीतून उखडून कोटांसकट खाली आली. इस्त्री फरशीवर पडून फुसफुसत राहिली. एका गिऱ्हाइकाने दार उघडलं, आत बघितलं, आणि दार अलगद लावून घेतलं.

आईने उठून इस्त्रीची तार ओढून काढली. मग बाबांना बखोट धरून नळाखाली नेलं आणि हात पाण्यात धरला. कातडी कागदासारखी सुटत होती.

ताई कोटांच्या ढिगात बसली होती. नाकातून रक्त येत होतं आणि ती ते पांढऱ्या कोटाला लागू नये म्हणून हनुवटी वर करून धरत होती.

"बघितलंस ना," नळापाशी बाबा म्हणाले, "ही कोण आहे ते. टाचणे, चल."

"नीट बघ त्यांना," ताई म्हणाली. "बघितलंस ना? राहा इथे. मी तुला कधी हात लावणार नाही. आईची शपथ घेते."

"माझी नको," आई म्हणाली. तिने नळ जरा मोठा केला. "टाचणे, गाडी येईल आता. कुणाकडे राहायचं ते सांगून टाक बाई एकदाचं. मी दमले."

सगळे वर बघत होते. टाचणीने बॅग पायरीवर तशीच सोडली आणि जिना उतरली. कोटांवरून पाय टाकत ती गल्ल्यापर्यंत आली. भावजी तिथे खाली बसून चष्म्याची तुटलेली काडी शोधत होते. तिला ती दिसली. ती द्यायला म्हणून टाचणी वाकली, हात पुढे केला.

भावजींनी डोळे मिटले आणि मान खांद्यांत घेतली.

टाचणीचा हात तिथेच राहिला. मग तिने काडी त्यांच्या पुढ्यात फरशीवर ठेवली, ती सरळ झाली, आणि दार ढकलून बाहेर पडली.

"अगं, म्हणजे कुणाकडे?" मागून आई विचारत होती.