नळीशिवायचा फोटो

आदिलाबादजवळ इचोड्यात हायवेला लागून माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट अन् हाराचे फोटो. हाराचा फोटो म्हणजे माणूस गेल्यावर भिंतीवर लागतो तो. आमच्याकडची म्हातारी माणसं तो आधीच काढून ठेवतात, धुतलेला सदरा घालून, मजेत. माझे बाबा मात्र टाळत राहिले. फुप्फुसं कामातून गेली, नाकात ऑक्सिजनची नळी आली, तेव्हा म्हणाले, "काढ आता माझा. पण नळी नाई दिसली पायजे. अन् कंप्युटरवर पुसापुशी केली तर याद राख."

घ्या! नळी काढली की जीव घाबरा होणार. फोटो काढू कसा?

बाबा जन्मभर सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढत. एक जुनं मशीन भंगारात गेलं, तेव्हा त्यातली, पडद्यावर उमटलेलं छातीचं चित्र टिपणारी लेन्स त्यांनी भंगारवाल्याकडून हौसेनं आणली होती. वरवंट्याएवढी जड. अशी लेन्स अंधारातूनही उजेड ओढते, पण तिचा फोकस अगदी पातळ. डोळे स्पष्ट आले की नाकाचा शेंडा गेला धुक्यात. मला वाटलं, नळीही जाईल.

माझा कॅमेरा मिररलेस, आत्ताचा. त्याला ही लेन्स जोडणारी रिंग विकत मिळत नाही, म्हणून लहानशा थ्रीडी प्रिंटरवर घरीच छापायला बसलो. लेन्स सेन्सरला जवळजवळ चिकटली पाहिजे, जरा फरक पडला की चित्रच नाही. पहिली रिंग झकास जमली, अन् मी शहाण्यानं ती मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवली. आदिलाबादचं ऊन ते! दुपारी काढली तर पापडासारखी वाकलेली. मग उष्णतेला टिकणारं प्लास्टिक मागवून दुसरी छापली. डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितले होते, पण मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. डोक्यात फक्त रिंगचं माप. बायको म्हणाली, "बाबाजवळ बसा ना जरा. काऊन रिंगाच करून राह्यले?" बसून बोलायचं काय, तेच मला सुचत नव्हतं.

बाबांना खिडकीजवळ खुर्चीत बसवलं. डोळे सुरेख आले, पण नळी पुरती गेली नाही. ओठांवर पांढरा फराटा राहिला. बाबांनी स्क्रीन पाहिली.

"ताक पिऊन आलो का बे मी?"

हसता हसता खोकले, अन् एकदम स्वतःच नळी उपसली.

"बाबा, नोका काढू!"

"लवकर कर."

या लेन्सला फोकस फिरवायची सोय नाही, कॅमेराच मागं-पुढं सरकवायचा. बाबांचा प्रत्येक श्वास चेहरा घेऊन हलत होता. आला, गेला. आला, गेला.

"हालू नका, बाबा."

त्यांनी मान ताठ केली अन् दवाखान्यातल्या त्या मोठ्या आवाजात स्वतःलाच म्हणाले, "श्वास घ्या. रोखा."

रोखला. मी बटण दाबलं. पापणीन् पापणी आली. मी स्क्रीन बघत बसलो, अन् वर पाहिलं तर बाबा अजून तसेच, चेहरा काळवंडत चाललेला. पेशंटला पुढचा शब्द ते सांगत. आज तो मी सांगायचा होता.

"सोडा, बाबा."

सोडला. मी नळी लावली.

त्याच आठवड्यात ते गेले. तेव्हाही मला रडू आलं नाही. आता फोटोला हार आहे. येणारे म्हणतात, किती शांत चेहरा! मी हो म्हणतो. शांत कुठला, श्वास रोखून बसलेत ते. खोलीत कोणी नसलं की माझाही श्वास अडकतो, अन् मी त्यांना सांगतो, सोडा, बाबा.