ताशी एकेचाळीस

चालण्याच्या क्लबात त्यांना पुढून काका म्हणत आणि मागून फूटपट्टी. काकांना हे ठाऊक होतं, आणि दोन्हींपैकी दुसरं नाव आपल्याला जास्त शोभतं असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

जमीन मोजणीच्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं नकाशे काढले. म्हणजे असं, की मोजणीदार उन्हातान्हात हिंडून वह्या भरून आणत आणि काका पंख्याखाली बसून त्या वह्यांवरून नकाशे तयार करत. ओढे निळ्या शाईत, रस्ते तांबड्या शाईत, विहिरींना सुबक गोल. काही हजार मैलांचे रस्ते त्यांच्या हाताखालून गेले, पण पायाखालून त्यातला एकही गेला नाही.

याचं त्यांना काही वाटत नसे. पण एकदा एका लग्नाला जाताना बस कुठल्याशा फाट्यावर बंद पडली. गावाची पाटी ओळखीची वाटली, कारण त्या गावाचा नकाशा काकांनीच काढला होता. ते कौतुकाने खाली उतरले. नकाशात ओढा रस्त्याच्या डाव्या अंगाला होता. जमिनीवर तो उजव्या अंगाला वाहत होता, आणि एकंदर रागरंग पाहता बऱ्याच वर्षांपासून वाहत असावा. काकांनी कोणाचं लक्ष नाही ना, हे पाहिलं आणि निमूटपणे बसमध्ये जाऊन बसले. लग्नात त्यांनी दोन घास खाल्ले असतील नसतील. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही, यावरून त्या गोष्टीचं वजन लक्षात यावं.

निवृत्तीनंतर ते क्लबात गेले, आणि गावाबाहेरच्या तलावाभोवतीच्या पायवाटेचा नकाशा करून फाटकापाशी मोठ्या फलकावर लावायचा, असं क्लबाने ठरवलं तेव्हा ते काम ओघानेच त्यांच्याकडे आलं. पहिल्याच सभेत काकांनी एक नियम मांडला: जी वाट आपण पायांनी चाललो नाही, ती नकाशावर येणार नाही. सभा लांबली होती आणि सगळ्यांना भूक लागली होती, त्यामुळे नियम एकमताने मंजूर झाला.

क्लबाकडे हातात धरायचं एक जीपीएस यंत्र होतं, साबणाच्या वडीएवढं. काकांनी ते दोरीने गळ्यात अडकवलं. निघण्याआधी ते अंगणात उभे राहून आकाशातले उपग्रह किती सापडले ते मोठ्याने सांगत. "सहा," ते म्हणत. मग बराच वेळ शांतता. "नऊ."

"आले ना सगळे?" काकू आतून विचारत. "मग निघा आता."

यंत्र दर थोड्या सेकंदांनी माणूस कुठे आहे ते टिपून ठेवतं. ते टिपण वायरीने संगणकात उतरवलं की नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये त्याची रेघ उमटते. हे उतरवण्याचं काम सूनबाईंकडे होतं. त्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जमिनीखालच्या नळांचे नकाशे संगणकावर करत, त्यामुळे न दिसणाऱ्या गोष्टी ओळखण्याची त्यांना सवय होती.

तलावाची फेरी बावीस किलोमीटरची. काकांनी ती तीन दिवसांत वाटून घेतली. दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी, पंपघराच्या जरा पुढे, त्यांच्या डाव्या बुटाचा तळ निघाला. काकांनी तो रुमालाने बांधला आणि दोनशे पावलं बदकासारखे चालले. मग रुमालही सुटला. वरच्या बाजूला, बांधावरून जाणाऱ्या रस्त्यावर पशुखाद्याचा एक ट्रक येत होता. ड्रायव्हरने मान बाहेर काढून बसता का विचारलं. काकांनी एकदा पायवाटेकडे पाहिलं, एकदा बुटाकडे, आणि चढून बसले.

यंत्र बंद करावं हे त्यांच्या मनात आलं. पण बंद केलं तर रेघेत खंड पडणार, आणि खंड का पडला हे घरी कोणीतरी विचारणार. यंत्र कुठे होतो ते सांगतं, कशात बसलो होतो ते थोडंच सांगतं, असा त्यांनी विचार केला. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी अडतीस पानांपर्यंत काळजीपूर्वक वाचलं होतं. वेळेबद्दलची माहिती एकोणचाळिसाव्या पानावर होती.

गळ्यात काय आहे म्हणून ड्रायव्हरने चौकशी केली. काकांनी चालणाऱ्यांसाठीच्या नकाशाची सगळी कल्पना समजावून सांगितली. ड्रायव्हरने ती शांतपणे ऐकून घेतली.

"मग तुम्ही चालत का नाही?"

"तळ निघाला," काका म्हणाले, आणि फेरी संपते त्या सांडव्यापाशी उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या आठवड्यात सूनबाईंनी टिपण संगणकात उतरवलं. फेरीवर बाक कुठे ठेवावेत हे क्लबाला ठरवायचं होतं. म्हणून त्यांनी प्रोग्रॅमला रेघ वेगाप्रमाणे रंगवायला सांगितली: माणूस रेंगाळला तिथे निळी, नेटाने चालला तिथे हिरवी. काका चहाचा कप घेऊन खुर्चीमागे उभे होते. तलावाभोवती हळूहळू हिरवी रेघ फिरली, मध्ये मध्ये निळी झाली, आणि पंपघराच्या पुढे एकदम लालभडक होऊन सांडव्यापर्यंत तशीच गेली.

"बाबा," सूनबाई म्हणाल्या, "इथे तुम्ही ताशी एकेचाळीस किलोमीटरनं चाललात."

काकांनी चष्मा काढून पुसला. "उतार आहे तिथे."

"सलग पाच मिनिटं?"

"मोठा उतार आहे."

"कुत्रं लागलं असेल मागे," स्वयंपाकघरातून मटार सोलता सोलता काकू म्हणाल्या. "एरवी कोपऱ्यावरून भाजी आणा म्हटलं की गुडघा धरतो."

काकांनी त्या दिवशी ढग असल्याचं सांगितलं. मग झाडी दाट असल्याचं. मग उपग्रह परदेशी असल्याचं. नळ का फुटला याची कारणं सूनबाई अकरा वर्षं ऐकत आल्या होत्या, त्यांनी हीही ऐकून घेतली. मग चित्र मोठं केलं. लाल रेघ पायवाटेवर नव्हतीच. ती वरच्या रस्त्यावर होती, आणि गाड्यांना हळू करायला लावणाऱ्या दोन उंचवट्यांवर तिचा वेग शिस्तीत कमी झाला होता.

सूनबाईंनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. "मी वेळ पुसून टाकते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आणि रेघ जरा खाली ओढून वाटेवर आणते. दोन मिनिटांचं काम आहे. कळायचं नाही कोणाला."

हे त्या मनापासून म्हणाल्या, आणि तेच काकांना लागलं. नकाशा सोमवारी छापखान्यात जायचा होता. कोपऱ्यात त्यांचं नाव येणार होतं, आणि नावाआधी 'चालून आखणी' असे दोन शब्द. ते शब्द काकांनी स्वतः सुचवले होते. आजवर त्यांच्या हातून निघालेला हा पहिलाच नकाशा होता, ज्यातली जमीन त्यांनी पाहिली होती. त्यांच्या तोंडून हो जवळजवळ निघालंच होतं. तेवढ्यात त्यांना तो ओढा आठवला, उजव्या अंगाने वाहणारा.

"राहू दे तसंच," ते म्हणाले आणि कप ठेवायला गेले.

पुढचे दोन दिवस त्यांनी आमटीत मीठ कमी आहे की जास्त याबद्दल एक अक्षर काढलं नाही. काकूंना काळजी वाटू लागली. शेवटी त्यांनी काय झालंय ते विचारलं, आणि काकांनी ट्रक, ओढा, लग्न असं सगळं उलट्या क्रमाने सांगून टाकलं. मग, त्या लग्नात नवरीकडच्यांनी काकांना नीट वाढलं नाही असं समजून आपण इतकी वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हतो, हे काकूंनी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

शनिवारी सभा होती. काका उभे राहिले आणि राजीनामा देताना लावतात त्या आवाजात त्यांनी कबुली दिली. साडेतीन किलोमीटर आपण ट्रकने गेलो, नियम आपणच केला आणि आपणच मोडला, सभेने योग्य वाटेल ते करावं.

सभेला काय योग्य वाटावं तेच कळेना. निवृत्त नर्सबाईंनी, आपण तर फेरी नेहमी अर्धीच करतो आणि मुलगा गाडी घेऊन येतो, असं सांगितलं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. दुखतंय त्यापेक्षा जास्त ओरडणारी माणसं त्यांनी रोज पाहिलेली.

"काका, एवढं काय त्यात," ते म्हणाले. "कसला नियम म्हणालात?"

नियम कोणालाच आठवत नव्हता. वही शोधावी लागली. काकांनी तो वाचून दाखवला, आणि उद्याच जाऊन तेवढा तुकडा चालून येतो, तोवर नकाशा द्यायचा नाही, असं बजावलं. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. शिक्षा होईल अशी काकांची अपेक्षा होती. तीही कोणी दिली नाही.

रविवारी सकाळी ते नऊ उपग्रह मोजून निघाले, तर काकू सूनबाईंचे कॅनव्हासचे बूट घालून दारात उभ्या. "तुम्ही चालता की नाही, हे बघायला कोणीतरी नको का?"

काकू चालल्या म्हणजे बऱ्याचदा थांबल्या. पाणकोंबड्या बघायला थांबल्या, बुटातला खडा काढायला थांबल्या, खडा नव्हताच हे सांगायला थांबल्या. यंत्राने हे सगळं इमानाने टिपलं. दोन तासांत ते निम्म्यावर पोचले आणि तलावाला मिळणाऱ्या नाल्यापाशी पायवाट सरळ चिखलात शिरली. पलीकडे, तीनशेएक मीटरवर, ती पुन्हा वर आलेली स्वच्छ दिसत होती.

काकांनी काठीने चाचपलं आणि पाय टाकला. पाय गुडघ्यापर्यंत गेला. काकूंनी मागून सदरा धरून त्यांना ओढलं तेव्हा पाय आला, नवा बूट मात्र तिथेच राहिला. हात कोपरापर्यंत घालून तोही काढला. मग दोघं वरच्या रस्त्याने वळसा घालून, वाटेत कोणाच्याही गाडीत न बसता, पलीकडच्या टोकाला गेली. तिकडून चिखल अधिकच खोल निघाला. उरलेली वाट सांडव्यापर्यंत चालून दोघं परत तिथेच आली.

काका चिखलाच्या काठावर उभे राहिले. या टोकाला वाट होती, त्या टोकाला वाट होती. असल्या जागा त्यांनी जन्मभर पट्टी ठेवून जोडल्या होत्या.

"एवढंसं तर आहे," काकू म्हणाल्या. "द्या जोडून."

"चाललो नाही."

काकूंनी त्यांच्या एका कोरड्या आणि एका काळ्या पायाकडे पाहिलं. टोमणा ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला. "मग का चालला नाहीत, ते तरी लिहा तिथे," त्या म्हणाल्या. "नाहीतर येणारे जाणारे पाय घालतील बिचारे."

सूनबाईंनी रात्रीच्या जेवणाआधी सगळं उतरवून घेतलं. नव्या रेघेत तेवीस निळे ठिपके होते, आणि प्रत्येक ठिपक्यावर काकू थांबल्या होत्या. सूनबाईंनी त्यातल्या चार जागी बाक सुचवले. मधले तीनशे मीटर त्यांनी कोरे सोडले आणि काकांनी सांगितलेलं वाक्य बाजूला बारीक अक्षरात टाकलं.

सोमवारी दुपारी छापखान्यातून फोन आला. मालक काळजीत होते. म्हणाले, काका, तुमची वाट मध्येच तुटलीय, संगणकात काहीतरी गडबड झालेली दिसते. आमच्याकडे माणूस आहे, रेघ जोडून देऊ का?

"नको," काका म्हणाले. "तुटलेलीच आहे ती."

मालकांनी मग बाजूचं वाक्य वाचून दाखवलं, चुकून आलंय का म्हणून. "येथून पुढे चिखल. नकाशा काढणारा गुडघ्यापर्यंत जाऊन परत आला." आणि थोडं थांबून त्यांनी विचारलं, "हे पण छापायचं?"

"जरा मोठ्या अक्षरात," काका म्हणाले.